रेड्याची पूजा

"आक्का, लाइट गेली!"

मालन ओरडली तेव्हा मी जनरेटरपुढं पुरणपोळीचा नैवेद्य ठेवून, ताटाभोवती पाणी फिरवून, डोळे मिटून उभी होते. डोळे उघडले तर शेडमधला पंखा गरगरत गरगरत थांबायला लागलेला. आणि खरं सांगते, मला राग आला नाही, उलट आनंदच झाला. दसऱ्याचा दिवस, बचत गटाच्या अकरा बायका नटूनथटून आलेल्या, जनरेटरच्या गळ्यात झेंडूचा हार, अंगभर कुंकू, आणि अगदी मुहूर्तावर लाइट गेलेली. आता चावी फिरवायची आणि सगळ्यांना दाखवायचं, आपला रेडा कसा हंबरतो ते.

रेडा म्हणजे आमचा जनरेटर. काळा, ठेंगणा, चालू झाला की धुराची फुंकर टाकून असा गुरगुरायचा, की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी कान टवकारायच्या. त्याचं नाव मीच ठेवलेलं. गटाची अध्यक्ष मी, हौसाबाई मोहिते, तेव्हा गटात कुणाचं काय नाव ठेवायचं हेसुद्धा मीच ठरवायची. ह्या सगळ्या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली. आता गुडघे बोलतात माझे, तेव्हा तोंड बोलायचं.

"बायांनो, गप उभ्या राहा," मी म्हटलं, "आणि कान झाका."

चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली, जरा ठासून. रेडा हंबरला नाही, खाकरला नाही, त्याचा एवढासा हिरवा दिवा लागतो तोसुद्धा लागला नाही.

"नैवेद्य खातोय जणू," मालन म्हणाली. मालन आमच्या गटाची सेक्रेटरी, तिला कुठं हसावं ते कधी कळलं नाही. सगळ्या खिदळल्या. मीही हसले, आणि घाईघाईनं तिसऱ्यांदा चावी फिरवली.

कारण आत भिंतीपलीकडं आमचं अंडी उबवायचं मशीन होतं, आणि आज त्याचा एकविसावा दिवस होता.

गावच्या डेअरीचं जुनं गोदाम पंचायतीनं आम्हाला वर्षभरासाठी वापरायला दिलेलं. त्यात हे मशीन बसवून एक महिनाही झाला नव्हता. पहिलीच बॅच. अंडीही विकतची नाहीत, आमच्याच परसातल्या कोंबड्यांची. प्रत्येकीनं दोन-दोन आठवडे एकेक अंडं जपून ठेवलेलं, नातवंडांना खाऊ दिलं नव्हतं. कुणाची कुठली हे कळावं म्हणून ट्रेवर खडूनं नावं घातली होती. अंडी ठेवायचा दिवस मी मुद्दाम मोजून काढलेला, की पिल्लं नेमकी दसऱ्याला बाहेर यावीत आणि सोनं लुटायच्या दिवशी गावानं बघावं, मोहित्यांची हौसा काय करू शकते ते. सकाळपासून अंड्यांना चिरा पडल्या होत्या. आतून चोची मारल्याचा आवाज येत होता, टुक टुक टुक. मशीनला कान लावून आम्ही बायका लहान पोरींसारख्या नाचलो होतो.

आणि आता मशीनचे पंखे बंद पडले होते. पेटीत हवा खेळली नाही की पिल्लं गुदमरतात, हे प्रशिक्षणात मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं. अर्धा तास. फार तर पाऊण.

"हसू नका गं!" मी ओरडले. "बंद पडलाय हा! अनसू कुठाय? अनसू!"

अनसू माझी धाकटी जाऊ. नाव अनसूया. माझे धाकटे दीर त्याच्या चार वर्षं आधी गेले, तेव्हापासून ती आणि तिची मुलगी आमच्याच वाड्यावस्तीवर, पण वेगळ्या चुलीवर. गटात मी तिला घेतलं ते खरं सांगायचं तर दहाच्या अकरा करायला. जनरेटर बसवला त्या दिवशी विट्याहून आलेला मेस्त्री तो कसा चालवायचा ते दाखवत होता, आणि मी बाहेर पाहुण्यांना शाली-नारळ देत होते. आत अनसू एकटी उभी राहून सगळं बघत होती. तेव्हापासून रेडा तिच्याकडं. रोज फडक्यानं पुसायची, दर सोमवारी दहा मिनिटं चालवून बघायची. आज सकाळीही पूजेच्या आधी तिनं तो चालवून, पुसून, लख्ख करून ठेवला होता.

पूजा मात्र मी केली. तसंच असतं आमच्याकडं. खंडेनवमी-दसऱ्याला अवजारांची पूजा करायची ती सवाष्णीनं. अनसू दाराशी उभी होती, हार गुंफून तिनंच आणलेला, आणि ताट माझ्या हातात. माझ्या सासूबाईंनी मला शिकवलंय, कुंकू लावायचं ते अंगठ्यानं, दाबून, ठसठशीत, कोसभर अंतरावरनं दिसलं पाहिजे. तसं मी रेड्याला लावत होते. नळीला लावलं, टाकीला लावलं, पुढच्या पाटीवर लावलं. तेवढ्यात अनसू दारातनं म्हणाली, "आक्का, पुढच्या बाजूला नगं. ते तिथं..."

"तू मागं हो," मी म्हटलं. "पूजेच्या मधे बोलायचं नसतं. आणि तू तर नाहीच."

ती मागं झाली. नंतर बघितलं तर दारात नव्हतीच. घरी गेली असेल म्हणून मी हार चढवला आणि नारळ फोडला.

आता माझी हाक ऐकून ती गोठ्याकडनं पळत आली, हात शेणानं भरलेले. रेड्याकडं बघितलं, मशीनच्या खोलीकडं बघितलं.

"सकाळी तूच हात लावलास ना ह्याला?" मी तिच्यावर झेप घेतली. "काय मोडून ठेवलंस? बोल!"

"आक्का, सकाळी चांगला चालला. मी सोता..."

"चांगला चालला तर आता काय त्याला दृष्ट लागली? माझ्याच मेलीची चूक! म्हटलं, करू दे हिला काहीतरी, घरात बसून काय करंल. मशीन म्हणजे शेणकूट वाटलं काय गं तुला?"

सगळ्या बायका ऐकत होत्या. माझा आवाज असाही रस्त्यापर्यंत जायचा. अनसूनं खाली मान घातली आणि रेड्याकडं एक पाऊल टाकलं.

"हात लावायचा नाही!" मी म्हटलं. "आता आणखी काय बिघडवू नकोस. आत जा आणि पिल्लं बघ."

तिनं हात धुतले आणि आत गेली.

मालननं फोन लावला दस्तगीर मुलाणीला. हाच तो विट्याचा मेस्त्री, गुणी माणूस. तो त्या दिवशी बहिणीकडं कऱ्हाडला गेलेला. मालननं फोनचा आवाज मोठा करून माझ्या तोंडापुढं धरला.

"दस्तगीर, पळत ये बाबा! रेडा मेला!"

"कुणाचा रेडा, काकी?"

"अरे जनरेटर! आणि आत पिल्लं फुटायला लागलीत!"

"या अल्ला," तो म्हणाला. "काकी, मी आत्ता निघालो तरी तास-सव्वा तास लागंल. तुम्हीच करा. मी सांगतो, तुम्ही करा. चावी फिरवल्यावर काय होतंय?"

"काही होत नाही."

"टक असा आवाज?"

"टक नाही, टिक नाही. दिवा पण नाही."

"मग डिझेलचा प्रश्न नाही, करंटचा आहे. बॅटरी बघा. खाली उजव्या हाताला दार आहे, ते उघडा. बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरी बुरशी आली आहे का?"

मी नऊवारीचा काष्टा खोचून खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या रेड्याच्या पोटात बघितलं. एका टोकावर पांढरं पांढरं होतं, मिठाची खपली बसावी तसं.

"आलीय! आलीय बुरशी!" मला कोण आनंद झाला. चोर सापडल्यासारखं वाटलं. "मालन, गरम पाणी आण! पुरण शिजवलेल्या चुलीवर असंल!"

मालन धावली, तिच्या मागं दोघी धावल्या. गरम पाणी ओतलं, बुरशी विरघळली, जुन्या दातांच्या ब्रशनं घासलं. दस्तगीरनं सांगितलं तसं पान्यानं टोकं आवळली. हिरव्या बांगड्या मनगटावरनं वर ढकलल्या आणि चावीला हात घातला. सगळ्या श्वास रोखून उभ्या. मी मनात म्हटलं, आई यमाई, आज लाज राख.

चावी फिरवली. काही नाही.

"दस्तगीर! काही नाही रे!"

"मग बॅटरीच मेली असंल. काकी, ट्रॅक्टर आहे का कुणाचा जवळ? त्याची बॅटरी काढून आणा. चालती ती."

जवळच रावसाहेबांचा वाडगा. ट्रॅक्टर दारातच उभा होता, त्याच्याही गळ्यात हार, चाकांना हळदीची बोटं, नांगर धुऊन बाजूला मांडलेला. रावसाहेब नवी टोपी घालून ओट्यावर पान लावत बसलेले.

"रावसाहेब, ट्रॅक्टरची बॅटरी द्या!"

"आज?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची किडनी मागितली. "अगं हौसा, आज पूजा झालीय. आज अवजारं इसाव्याला. शिलंगण झाल्याबिगार मी खुरपंसुदिक हलवत न्हाई."

"पिल्लं मरतील माझी!"

"दसऱ्याच्या दिवशी मशीन लावायला कुणी सांगितलंतं तुला?"

बोललं ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. "रावसाहेब," मी म्हटलं, "तुमची सून आमच्या गटात आहे. तुमच्याच कोंबड्यांची शंभर अंडी आत आहेत. ती मेली तर शिलंगणाला काय तोंड घेऊन जाणार तुम्ही? पाप लागलं तर मला लागू द्या, देवाला सांगा हौसा चोरून घेऊन गेली. बघू नका इकडं. पान खा."

आणि खरंच, त्या माणसानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी आणि मालननं त्यांच्या गड्याला हाताशी घेऊन बॅटरी उपसली, झेंडूची दोन फुलं तिच्यावर तशीच, आणि घमेल्यात घालून पळत सुटलो. वाटेत माझी चप्पल तुटली, ती तिथंच टाकली.

येताना मशीनच्या खोलीत डोकावले. आणि दारातच थांबले.

अनसूनं पेटीचं दार उघडलं होतं. दोघी बायका सुपानं वारा घालत होत्या, हळूहळू, लयीत. चौकटीला चार ओली लुगडी टांगलेली. "नुसतं उघडं ठेवलं तर कवच वाळतंय आन पिल्लू आतच चिकटतंय," अनसू त्यांना सांगत होती. "ओलावा पायजे. आस्तं घाला वारा, ट्रेवर नगं, वरनं." खालच्या ट्रेखाली गरम पाण्याची पातेली, त्यावर गोधडी. ती गुडघ्यावर बसून एकेका ट्रेला हाताची पाठ लावून ऊब बघत होती. तिच्या पदरात एक पिल्लू होतं, ओलं, मान टाकलेलं. त्याच्या अंगावर ती तोंडानं हळू फुंकर घालत होती.

"किती झाली?" मी विचारलं.

"बाहेर आलेली पंधरा-सोळा. एक गेलं," ती म्हणाली. "हे दुसरं. आक्का, लई येळ न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. मी पळत रेड्याकडं गेले.

ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. तांबडी वायर तांबडीला, काळी काळीला. दस्तगीर फोनवर एकेक शब्द तोलून सांगत होता. आता मात्र मला खात्री होती. मी चावीला हात लावताना म्हटलंसुद्धा, "बायांनो, कान झाका."

चावी फिरवली.

काही नाही.

 पलीकडच्या खोलीतनं सुपांचा आवाज तेवढा येत होता.  मी सरळ जमिनीवर बसले. माझी अकरा बायकांची मिरवणूक, माझा दसरा, माझं नाव. पण त्या क्षणी नावाचं काही वाटत नव्हतं हो. सखूबाईच्या चौदा अंड्यांची आठवण येत होती. तिची एकच कोंबडी होती.

"काकी," फोनमधनं दस्तगीर म्हणाला, "आहात ना?"

"आहे रे."

"रोज चालवतंय कोण हा जनरेटर?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"काकी, त्या दिवशी मी एका ताईंना शिकवलं होतं. लई बारकाईनं विचारत होत्या. वहीत लिहून घेतलं होतं त्यांनी. त्यांना द्या फोन."

"ती आत पिल्लं बघतीय," मी म्हटलं.

"पिल्लं दुसरं कुणी बघंल. मशीन त्यांना ठाऊक आहे. तुम्हाला नाही ठाऊक, काकी. रागवू नका."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी फोनमधनं हात घालून त्याचा कान धरला असता. बायका माझ्याकडं बघत होत्या. मघाशी ह्यांच्याच देखत मी तिला म्हटलं होतं, हात लावायचा नाही. आता तिला बोलवायचं म्हणजे तेवढ्याच मोठ्यानं बोलवायला हवं होतं. जीभ उचलेना. आणि मग आतून, भिंतीपलीकडनं, एका पिल्लाचा आवाज आला, बारीक, तक्रार केल्यासारखा.

"अनसू!" मी ओरडले. "अनसू, इकडं ये गं! लवकर ये!"

ती आली. पदरातलं पिल्लू तिनं मालनच्या ओंजळीत ठेवलं, फोन कानाला लावला. "व्हय दादा... न्हाई, दिवाबी न्हाई... बॅटरी बदलली दोगींनी... व्हय. व्हय, बघते."

फोन माझ्या हातात देऊन ती रेड्याच्या पुढच्या बाजूला गेली. बायका मागं होत्या, त्यांना तिची पाठ दिसत होती. मी तेवढी बाजूला, जवळ. तिनं दोन्ही हातांनी झेंडूचा हार उचलून बाजूला सारला.

हाराखाली, पाटीच्या मधोमध, एक तांबडं बटण होतं. वाटीच्या बुडाएवढं, गोल. मी ते कधी बघितलंच नव्हतं, म्हणजे बघितलं असेल, पण नक्षी समजून सोडून दिलं असेल. ते आत गेलेलं होतं, पाटीला टेकलेलं. आणि त्याच्यावर हळद-कुंकवाचा ठसा होता. अंगठ्याचा. दाबून लावलेला, ठसठशीत.

आख्ख्या गटात त्या दिवशी हळद-कुंकवाच्या ताटाला एकीचाच अंगठा लागला होता.

अनसूनं माझ्याकडं बघितलं. एवढुसं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग तिनं ते बटण चिमटीत धरून उजवीकडं पिळलं. टक. बटण बाहेर आलं. हिरवा दिवा लागला. तिनं पदराच्या टोकानं बटणावरचं कुंकू पुसलं, अगदी सावकाश, नीट, आणि चावी फिरवली.

काय हंबरला तो रेडा! धुराचा लोट सोडला, जमीन थरथरली, नैवेद्याच्या ताटातली वाटी खणखणायला लागली. बायकांनी असा कल्ला केला की रावसाहेब ओट्यावरनं उठून आले. आत पंखे घुमले, दिवे लागले, मालन पिल्लू छातीशी धरून नाचत होती आणि रडत होती. मीसुद्धा ओरडत होते, काय ओरडत होते कोण जाणे.

"काय झालं होतं गं?" सखूबाईनं विचारलं. "काय केलंस तू, अनसू?"

मी वळून रेड्याचा हार सारखा करायला लागले.

"काय न्हाई," अनसू म्हणाली. "वायर ढिली झालती. माझंच सकाळी ध्यान गेलं न्हाई."

आणि ती आत निघून गेली, पिल्लांकडं.

बायका म्हणाल्या, बघा, आक्कानं आधीच ओळखलं होतं, अनसूनंच काहीतरी केलेलं. कुणी म्हणालं, असू दे, बिचारी शिकंल. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोनमधनं दस्तगीर विचारत होता, चालू झाला का, चालू झाला का. मी फोन बंद केला.

दुपार ढळेपर्यंत पिल्लं येत राहिली. ती पाहण्यासारखी गोष्ट असते बघा. अंडं हलतं, चीर पडते, टोपण उघडल्यासारखं वरचं कवच उचललं जातं आणि आतनं एक ओला, दमलेला जीव बाहेर येऊन पडतो. तासाभरात तो वाळून गुबगुबीत होतो. काळी, तपकिरी, ठिपक्यांची आणि काही पिवळीधमक. सखूबाईच्या चौदातली अकरा आली. बायका आपापल्या ट्रेपुढं बसून मोजत होत्या आणि पुन्हा पुन्हा मोजत होत्या. मालनच्या ओंजळीतलं ते मान टाकलेलं पिल्लू उठून उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. आख्खं गोदाम चिवचिवत होतं. मी हसत होते, सगळ्यांना पेढे वाटत होते आणि माझा एक पेढा माझ्याच्यानं गिळवत नव्हता.

दिवस मावळायच्या आत गावातली माणसं शिलंगण करून आपट्याची पानं घेऊन आली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. प्रत्येकजण माझ्या हातावर पानं ठेवून म्हणत होता, हौसाक्का, जिंकलीस. रावसाहेबसुद्धा म्हणाले. आपली बॅटरी परत मागायचंही विसरले.

सगळ्यात शेवटी अनसू आली. तिच्या हातात आपट्याचं पान नव्हतं. तिनं माझा हात धरला, उघडला आणि तळव्यावर एक पिवळंधमक पिल्लू ठेवलं.

"आक्का, सोनं घ्या," म्हणाली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

पिल्लाचा जीव माझ्या हातावर धडधडत होता. आणि माझ्या त्याच अंगठ्यावर कुंकू होतं, सकाळचं, अजून पुरतं न गेलेलं.

"थांब," मी म्हटलं. मग माझ्या नेहमीच्या आवाजात, रस्त्यापर्यंत जाणाऱ्या, "थांबा सगळी! मघाशी मी सगळ्यांच्या देखत बोलले, म्हणून सगळ्यांच्या देखतच सांगते. वायर ढिली नव्हती. रेडा मी बंद पाडला. कुंकू लावताना त्याचं बंद करायचं बटण मीच दाबलं, ह्या अंगठ्यानं. ही मला आधीच सांगत होती, मी हिचं तोंड बंद केलं. एक पिल्लू मेलंय ते माझ्यामुळं. आणि बाकी जिवंत आहेत ती हिच्यामुळं."

सगळं गोदाम गप्प झालं. म्हणजे माणसं गप्प झाली, पिल्लं कशाला होतायत. अनसू रडायला लागली. एवढं बोलले तेव्हा रडली नव्हती, आता रडायला लागली. मग मलाही आवरलं नाही. दोघी जावा उभ्या राहून रडतोय आणि मधे ते पिल्लू माझ्या हातावर शिटलं.

"घ्या, आक्का," मालन म्हणाली, "हे बी सोनंच." आणि सगळी माणसं जी हसायला लागली, ती बराच वेळ थांबेनात.

पुढच्या वर्षी दसऱ्याला रेडा पुन्हा धुऊन, पुसून तयार होता. हार अनसूनंच गुंफलेला. बायका जमल्या. मी हळद-कुंकवाचं ताट घेतलं आणि नेऊन अनसूच्या हातात दिलं.

तिचे हात मागं झाले. "मी कशी, आक्का..."

सखूबाई हळूच म्हणाली, "हौसा, पूजेला सवाष्ण लागती गं."

"रेड्याला सवाष्ण लागत नाही," मी म्हटलं, "त्याला डिझेल लागतं, नि फडकं मारणारा हात लागतो. घे गं, अनसू. घे म्हणते ना!"

तिनं ताट घेतलं. हळदीची वाटी कडेला वाजत होती. मी हात जोडून दाराशी जाऊन उभी राहिले, वर्षापूर्वी ती उभी होती तिथं. ती रेड्याच्या पुढं गेली नाही. वळसा घालून मागच्या बाजूला गेली, डिझेलच्या टाकीवरच्या सपाट पत्र्यापाशी थांबली. अनामिकेचं टोक कुंकवात बुडवलं आणि तिथं अलगद टेकवलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"हितं लावायचं असतंय, आक्का," ती म्हणाली. "गेल्या साली मी हेच सांगत हुते."

"बरं," मी म्हटलं, "आणखी काय सांगायचंय? सांग. मी ऐकते."